नागपूर ते ऑकलंड, एक शिदोरी

ओस्लोहून लिमाला जाणाऱ्या माणसाला किती तास लागतील, हे आमच्या सानगडी गावात ठरते, याची जगाला कल्पना नाही. ते मी ठरवतो. आमच्या घराच्या मागच्या खोलीत, तलावाकडे उघडणाऱ्या एकुलत्या एक खिडकीशी बसून मी दररोज चाळीस पाने लिहितो आणि प्रत्येक पानात जगातील कोणतेतरी दोन विमानतळ एकमेकांना जोडून देतो. ही पाने इंटरनेटवर जातात, तीही मराठीत. ओस्लोहून लिमाला निघालेला मराठी माणूस माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. परंतु तो कधीकाळी निघालाच, तर त्याची गैरसोय होऊ नये, अशी आमच्या कंपनीची तळमळ आहे. कंपनी कोठे आहे, हे मला नक्की ठाऊक नाही. माझ्या वरिष्ठांचा आवाज मी एकदाच ऐकला आहे आणि तेव्हा ते जेवत होते.

कामाची रीत सोपी आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या पाठीवरून सरळ दोरी ताणावी तसे अंतर काढायचे, त्याला विमानाच्या ताशी वेगाने, म्हणजे साडेआठशेने भागायचे आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. माझ्या आकाशात वारा नसतो, देशांच्या सीमा नसतात, इंधन भरायला कोणी कोठे थांबत नाही. जिथून जिथे विमान जातच नाही, तिथेही माझे विमान मिनिटाचा उशीर न करता पोहोचते. मी स्वतः विमानात कधी बसलेलो नाही. नागपूरला परीक्षेसाठी गेलो असताना वर्धा रोडवर एक विमान डोक्यावरून फार खालून गेले आणि मी त्याचे पोट पाहिले, एवढाच माझा अधिकार.

मला बोलणे जमत नाही. समोरचा माणूस निघून गेल्यावर माझे वाक्य तयार होते. म्हणून लिहिण्याचे काम मिळाले तेव्हा घरच्यांना वाटले, पोराचे कल्याण झाले.

शेजारी सेवकराम काकांचे घर. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. काका हातमागावर विणतात आणि समोरच्या खोलीत लुगडी-साड्यांचे दुकान चालवतात. गल्लीतले बाकीचे माग केव्हाच मोडून चुलीत गेले. त्यांचा तेवढा खटखटत असतो. त्यांची एकुलती मुलगी दामिनी माझ्याबरोबर पहिलीपासून शिकली. आता ती साकोलीला रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला जाते. सकाळच्या बसने जाते, संध्याकाळच्या बसने येते, आणि त्या दोन्ही वेळी माझी खिडकी उघडी असते. याचा अर्थ काय, हे मी स्वतःलाही कधी विचारलेले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही, त्याचा माझा अभ्यास कच्चा आहे.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मोहाची फुले वेचून बाया परतत होत्या आणि सगळ्या गल्लीला त्या फुलांचा गोडसर, सुस्त वास लागला होता. दामिनी भिंतीशी आली.

"इश्वर, तुले ऑकलंड येते का?"

"येते म्हणजे?"

"म्हणजे लिहून झालं का? नागपूर ते ऑकलंड."

"झालं. मागच्याच महिन्यात."

"किती आहे?"

"अकरा हजार आठशे नव्वद किलोमीटर. चौदा तास एकोणतीस मिनिटं."

"बस?" ती हसली. "मी तं समजली, दोन दिवस लागतात."

मग तिने सांगितले. तुमसरचा चंदन नावाचा मुलगा तिकडे शीतगृहांची यंत्रे दुरुस्त करतो. गेल्या वर्षी सिहोऱ्याच्या एका लग्नात भेट झाली, तेव्हापासून दोघे फोनवर बोलतात. आता त्याच्या घरून मागणी आली होती. तिला तो हवा होता. आणि तिला जायचेही होते, हे दोन्ही तिने एका दमात सांगितले.

"इथं साकोलीहून एक बस सोडून दुसऱ्या बसनं आली, तरी चार जण विचारतात, काहून उशीर झाला. तिकडं कोणी विचारन तरी का?"

मला तिला फसवता आले नाही. मी म्हणालो, "दामिनी, ते चौदा तास खरे नाहीत. तसं विमानच नाही. नागपूरहून आधी मुंबई नाहीतर दिल्ली, तिथं बसून राहाचं, मंग सिंगापूर, तिथं बसून राहाचं. एकतीस तास लागतात. इथून धरले तं पस्तीस."

ती बराच वेळ भिंतीवरचे पोपडे काढत राहिली. "हे तू बाबाले सांगशील?"

"विचारलं तं..."

"विचारतीन. उद्याच बोलावतीन तुले. त्यायची ती शिदोरी तुले माहीत आहे ना? तू चौदाच सांग. नेटवर चौदाच आहे ना? मंग खोटं थोडी आहे."

शिदोरीचा नियम गल्लीत सर्वांना ठाऊक होता. काकांच्या आईने तो घालून दिला होता. सकाळी भाताची शिदोरी बांधून माहेरचा माणूस निघाला, तर तो भात आंबायच्या आत तो लेकीच्या दारात पोहोचला पाहिजे. त्याहून लांब मुलगी द्यायची नाही. या मापाने त्या घरच्या सगळ्या मुली दिल्या गेल्या. एका आत्याचे सासर तेवढे गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले आणि पुनर्वसनाचे नवे गाव पुष्कळ पुढे वसले. शिदोरी तीच राहिली, गाव हलले. त्याचा दोष काकांनी धरणाला दिला, नियमाला नाही.

त्या रात्री माझ्याकडून एकही पान लिहून झाले नाही. खरे बोलावे आणि त्या खऱ्याने आपल्याच मनासारखे व्हावे, असा योग माणसाच्या वाट्याला क्वचित येतो. मला तो आला होता. एकतीस म्हटले की ती भिंतीपलीकडेच राहणार होती. त्यामुळे आपल्या सत्यप्रियतेविषयी मला फार संशय येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक बसली. मुलाच्या बाजूने भैय्याजी आले होते. ते चंदनच्या वडिलांचे जुने स्नेही. तीस वर्षे एस.टी.त कंडक्टर होते आणि निवृत्तीनंतर लग्ने जुळवतात. दोन्ही कामांत लोकांना जागेवर बसवायचे असते, म्हणून त्यांना ती वेगळी वाटत नसावीत.

"सेवकभाऊ, एकच हाल्ट आहे, सिंगापूर," ते म्हणाले. मुंबई-दिल्ली त्यांनी थांब्यांत धरलीच नव्हती. "तिथून डायरेक्ट."

"हाल्ट किती वेळचा?"

"चहापाण्याचा."

"मुक्कामी तं नाही ना?"

"विमान कायचं मुक्कामी राहते भाऊ! ड्रायव्हर बदलते अन निघते."

काकांनी मान डोलावली. "माहा नेम एकच आहे भैय्याजी. शिदोरी."

भैय्याजी याच वाक्याची वाट पाहत होते. "विमानात दोन टाइम जेवाले देतात. वरून चहा. शिदोरी उघडाचीच नाही! मंग आंबाचा सवालच कुठी येते?"

"उघडली नाही तरी आंबते ना."

यावर भैय्याजींकडे तिकीट नव्हते. ते शोभाकाकूंकडे पाहू लागले. दामिनीची आई, शोभाकाकू, दाराच्या चौकटीला टेकून सुपारी कातरत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "शिदोरी कोणती, ते तं आधी ठरवा. जवसाच्या चटणीसंग पोळी दोन दिवस टिकते. लाडू बांधले तं पंधरा दिवस."

"वा वहिनी!" भैय्याजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "लाडूच्या हिशेबानं तं अमेरिकाही येते!"

"आपल्या झाडीपट्टीत शिदोरी म्हणजे भात," काका म्हणाले. "मायनं भातच सांगितला."

"तुमच्या मायच्या काळात विमान कुठी होतं?"

"भात तं होता ना."

आत दामिनीने कपबशा नको तितक्या जोराने ठेवल्या. तेव्हा काकांनी निकालाची रीत सांगितली. उद्या सकाळी पाचला भात बांधायचा आणि मागाच्या वरच्या दांड्याला टांगायचा. विमानाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ होताच सोडायचा. आंबला असेल तर नाही, आंबला नसेल तर हो. या पद्धतीत खोट काढण्यासारखे काही नव्हते. मोठमोठ्या प्रयोगशाळांतही याहून वेगळे काय करत असतील, हे दामिनीला विचारायला हवे होते.

"टाइम सांग, इश्वर," काका माझ्याकडे वळले. "तू त्याच्यातला माणूस."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पडद्याआडून बांगड्यांचा आवाज एकदा झाला आणि थांबला. माझ्या घशात एकतीस होते. मी खिशातून मोबाइल काढला, मी लिहिलेले पान उघडले आणि वाचले, "चौदा तास एकोणतीस मिनिटं." मला खोटे बोलण्याचीही गरज पडली नाही, ते मी पगारावर आधीच बोलून ठेवले होते.

"एकोणतीस? तीस नाही?"

"एकोणतीस, काका."

काका प्रभावित झाले. "एवढं बारीक मोजते म्हणजे खरंच असन." भागाकारात उरलेल्या त्या एका मिनिटाने माझी अब्रू कायमची सावरली.

पहाटे काकूंनी भात केला. पेज पूर्ण निथळून काढली, भात परातीत पसरून पंख्याखाली गार केला. काका शेजारी उभे राहून पाहत होते, पण त्यांच्या आईने पंख्याविषयी काही सांगून ठेवले नसल्यामुळे त्यांना हरकत घेता आली नाही. बरोबर पाचला गाठ बसली. गाठोडे मागावर टांगले गेले, आणि नागपूरहून ऑकलंडला जाणारे पहिले थेट विमान सानगडीहून सुटले.

दिवस फार तापला. तलावाच्या कडेला पाणी मागे सरून चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि एक बगळा त्या भेगांकडे, काहीतरी हरवले असावे तसा पाहत होता. मी त्या दिवशी कैरोहून सिडनीला गेलो, क्वालालंपूरहून टोरांटोला गेलो, आणि प्रत्येक वेळी परत येऊन भिंतीपलीकडे कान दिला. भैय्याजींनी दुकानातच मुक्काम ठोकला होता. घड्याळ पाहून ते अधूनमधून ओरडत.

"समुद्र लागला असन आता!"

"किती खोल?" काका मागावरून विचारत.

"ते आपल्याले काय करायचं? आपण वरतून चाललो." आणि दुपारी तीनला, जुन्या सवयीच्या स्वरात, "सिंगापूर! सिंगापूरवाले उतरा! पाच मिनिटं थांबन!"

गिऱ्हाइके हसत. एका बाईने साडी घेता घेता विचारले, गाठोड्यात काय आहे, तर काका म्हणाले, "पोट्टीचं सासर."

दामिनीने सुट्टी घेतली होती. ती दिवसभर अंगणात येऊन त्या गाठोड्याकडे पाही आणि परत आत जाई. तिने एकदाही भिंतीकडे पाहिले नाही. माझ्या बाजूचा विचार तिने केलाच असेल, तर तो माझ्या पानांसारखा केला असावा, मधले थांबे न धरता.

सात वाजता दिवे लागले आणि मी गेलो. न जाणे शक्य नव्हते. मी तर वैमानिक होतो. काकांनी गाठोडे उतरवून मांडीवर घेतले. सात वाजून सत्तावीस मिनिटे. भैय्याजी घड्याळ डोळ्यांशी नेऊन म्हणाले, "उतरून राहिलं. पट्टे बांधा."

आणि त्या क्षणी मी बोललो. आजवर माणसे निघून गेल्यावर सुचणारे वाक्य या वेळी दोन मिनिटे आधी आले.

"काका, ते चौदा तास खरे नाहीत. नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेले आहेत. तसं विमानच नाही. एकतीस तास लागतात. इथून धरले तं पस्तीस."

भैय्याजींनी घड्याळ खाली केले. "कोण म्हणते?"

"मी."

"अन नेट?"

"नेटवर चौदा आहे."

"नेटवर कोणं लिहिलं?"

"मीच."

"मंग तवा शुद्धीवर होता का आता आहे?"

काकूसुद्धा हसल्या. "सारी दुनिया नेट पाहून राहिली," भैय्याजी म्हणाले, "तुले कोण पाहून राहिलं, बाबू? लिहिलेलं खोटं अन बोललेलं खरं, असं कधी असते का?" मी माझ्या पानाविरुद्ध साक्ष दिली होती आणि पान जिंकले होते. ते शुद्ध भाषेत होते, त्यात मिनिटे होती. माझ्याकडे नुसता आवाज होता, तोही फाटलेला.

दामिनी माझ्यासमोर रिकामी थाळी ठेवायला वाकली आणि मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पहिलीपासून तोंड उघडलं नाही, अन उघडलं तं यासाठी?" तिच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते.

मी खरे का बोललो? तिच्या बापाची फसवणूक होऊ नये म्हणून, की ती जाऊ नये म्हणून? दोन्ही विमानतळ एकाच जागी असले की अंतर शून्य येते, आणि तसे पान कंपनी घेत नाही.

काका मात्र हसले नव्हते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि गाठ सोडली. भात पांढरा होता, थोडा लगदा झालेला. त्यांनी वास घेतला नाही. सरळ एक घास उचलून तोंडात टाकला आणि मागावर बसल्यासारखे, एका लयीत चावत राहिले.

"कसा आहे जी?" काकूंनी विचारले.

"गोड आहे."

भैय्याजी अर्धे उठले. दामिनीने दाराची चौकट धरली. पण काकांनी हात वर केला. दुसरा घास त्यांनी घेतला आणि तो माझ्या थाळीत ठेवला.

"तू आताच खरं बोलला. मले माहीत आहे, खरं बोलला. आता हेही खरं सांग."

मी घास तोंडात घातला. तो आंबला होता. किंचित नव्हे, जिभेच्या दोन्ही कडांना, गालांच्या आतल्या बाजूला, स्पष्ट. चौदा तास एकोणतीस मिनिटांनीही तो पोहोचला नव्हता. मी काकांकडे पाहिले. ते मागाकडे पाहत होते. बोटांना चिकटलेली शिते ते धोतराच्या सोग्याला पुसत होते, पुन्हा पुन्हा, बोटे स्वच्छ झाल्यावरही. त्यांना कळले होते. पहिल्या घासालाच कळले होते. आईचा नेम मोडायला त्यांना एक साक्षीदार हवा होता, आणि गावात खरे बोलतो अशी ख्याती दोन मिनिटांपूर्वी मीच मिळवली होती.

एक शब्द पुरेसा होता. आंबला. तो शब्द खराही होता. तो उच्चारला असता, तर उद्या सकाळच्या बसला ती खांद्यावर पिशवी अडकवून माझ्या खिडकीसमोरून गेली असती, परवाही गेली असती. मी घास गिळला.

"गोड आहे, काका," मी म्हणालो. "पोहोचला."

पगाराशिवाय बोललेले माझे पहिले खोटे ते. भैय्याजींनी "हाव!" म्हणून अशी आरोळी दिली की समोरच्या घरातून कोणी बाहेर आले. त्यांनी गाठोड्याकडे हात नेला, "मले पाहू द्या ना एक घास", पण काकांनी फडके घाईने आवळून गाठ मारली. "ते गाईले देऊ. तुमाले ताजा वाढते शोभा." भैय्याजींना ताजाच हवा होता, ते फोन लावून तुमसरला मोठ्याने सांगू लागले की सगळे पक्के झाले, फक्त एक हाल्ट आहे. काकू देवापाशी साखर ठेवायला गेल्या. दामिनी तिथेच चौकटीत उभी होती. ती रडत होती आणि हसत होती, आणि दोन्ही कोणासाठी, हे विचारण्याइतका जवळ मी नव्हतो. आमच्यात चार पावले असतील.

काकांनी पाण्याचा तांब्या मागवला. आधी माझ्या हातात दिला. मी बरेच पाणी प्यालो, पण तोंडातली चव गेली नाही. मग तांब्या त्यांनी घेतला आणि मान मागे टाकून, उरलेले सगळे पाणी संपवले.